पत्ता

आमच्या घरच्या बोलीत पत्ता म्हणजे पान,
दुकानातल्या मराठीत पत्ता म्हणजे ठिकाण.
मी सात वर्षांची असताना अब्बा सांगायचे, पत्ते तोड,
आणि मी गुलाबाच्या देठांवरची खालची पानं ओरबाडायचे,
बोटात काटे, फ्रॉक हिरवा.

आता मी पत्ते गोळा करते.
मिरजेत, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला,
एका दवाखान्यासमोर आणि दुसऱ्याच्या अलीकडं,
गजऱ्यांच्या परडीपाशी एक शंभरपानी वही,
पेन दोऱ्यानं बांधलेलं.
नाव. ईमेल. सांगावासा वाटला तर वाढदिवस.
लिहिणाऱ्याला निशिगंधाची एक काडी फुकट.

पहिल्या दिवशी काड्या गेल्या अकरा, पत्ते आले चार.
बाकीच्यांनी फोन नंबर लिहिला,
एकानं गाडीचा.
भूपाल चौगुले म्हणाले, ईमेल हाय की,
पण ते थोरल्याकडं असतंय, त्याला इचारून सांगतो.
लीलाबाईंनी विचारलं, त्यातनं वास जातो का गं?
नाही, म्हटलं.
मग कशाला, म्हणाल्या,
आणि तरी जावयाचा लिहून दिला,
मधलं ते वेटोळं
रांगोळीच्या शेवटच्या ठिपक्यासारखं
श्वास धरून काढत.

अब्बांची वही लाल कापडाची.
तिच्यात पत्ते असे:
सिस्टर दीना, रात्रपाळी, पिवळी शेवंती,
जिना चढू नये, खालनं हाक.
सितारवाले, दर गुरुवारी एक हार,
वाद्याला, माणसाला नाही.
किल्ला भाग, हिरवं दार, मुलगी झाली,
पेढ्यांच्या आधी फूल पोचावं.

आता त्यांची नजर गेलीय.
आत बसून चादर ओवतात, बोटांनी पाकळी मोजतात.
मी माझ्या वहीतली नावं वाचून दाखवते
आणि ते मधेच थांबवतात:
तो? त्याला लाल चालत नाही.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

नव्वद झाल्यावर पहिलं पत्र लिहायला बसले.
पुण्याचा आफताब फोनवर म्हणाला,
सूट लिही, घाई लिही, शेवटची संधी लिही.
मी लिहिलं:
आज मालगावहून निशिगंध आलाय.
कळ्या अजून मिटलेल्या आहेत.
उद्या आठच्या आत आलात तर तुमच्या घरी उमलतील.

सहा पत्रं परत आली, अक्षर चुकलेली.
तिघांनी आपली नावं काढून घेतली.
त्याला मराठीत आधीपासूनच शब्द आहे, पत्ता कट.
वाईट वाटलं. अब्बांना सांगितलं.
ते सुई थांबवून म्हणाले,
खालचे पत्ते तोडले नाहीत तर पाणी सडतं,
फूल दोन दिवसांत मान टाकतं,
हे तुला कितीदा शिकवलं.

सकाळी सव्वासातला लीलाबाई हजर.
जावयाचा फोन आला, म्हणे कळ्या आल्यात.
वास जात नाही म्हणालीस ना?

आणि एकच उत्तर.
विजापूरकडचा माणूस, बसगोंडा नाव,
मागच्या उन्हाळ्यात बायकोला दाखवायला आणलेला.
सतरा दिवस रोज एक जरबेरा, रोज रंग वेगळा,
अठराव्या दिवशी वहीत पत्ता लिहून गेला,
काडी न घेता.
त्यानं लिहिलंय:
फुलं आता लागत नाहीत.
पत्र पाठवत जावा.

त्याचं नाव मी कुठल्या पानात धरावं, ठरत नाही.
अब्बांना वाचून दाखवलं नाही अजून.
बादलीतलं पाणी बदलते,
वहीवर थेंब उडालेत,
चौगुल्यांच्या थोरल्याचा पत्ता अर्धा पुसलाय,
आज आले की परत विचारायला हवा.